माझ्या कानातलं सूप

माझ्या धाकट्या भावाने, मनोहरने, माझा आजार चोरला आणि दोन वर्षं स्वतःचा म्हणून वापरला. लोकांच्या घरी भाऊ बहिणीचा शेतातला हिस्सा खातात, आईच्या पाटल्या बायकोच्या हातात घालतात. आमच्या घरात चोरण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, उजव्या कानातला एक आवाज, आणि त्याने तोही सोडला नाही. त्या आवाजाच्या जोरावर तो दूध प्यायला, अंडी खाल्ली, मायच्या मांडीवर डोकं ठेवून लोळला आणि शाळा शिकला. आज तो यवतमाळात निवृत्त मुख्याध्यापक आहे आणि त्याच्या दारावर नावाची पितळी पाटी आहे. मी घाटंजीला माठ विकते. माझे माठ राजूरच्या खाणीवरच्या कँटीनपासून कळंबच्या रसवंत्यांपर्यंत सगळीकडे आहेत आणि त्यासाठी मी कोणाचीही ऋणी नाही. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण सौद्याला बसताना माल आधी उघडा करावा, बोलणं मागून.

आमचं गाव घाटंजीपासून बैलगाडीने अर्ध्या सकाळच्या वाटेवर. घर कुंभाराचं, म्हणजे अंगण मोठं आणि घर लहान. अंगणात एका कडेला मातीचा ढीग, त्याच्या शेजारी चिखल तुडवायची जागा, मग चाक, आणि पार मागे भट्टी. आमच्या घरात शांतता म्हणून काही नव्हतंच. सकाळी चिखलातली पायांची पचपच, मग चाकाची घरघर, आणि मग दिवसभर थापी. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं, बुडाला तर उघडंच असतं. ते जरा सुकलं की आतून एका हाताने दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवायचं. बाबा भाकर खाऊन थापी हातात घेत, ती ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत. थप, थप, थप. रस्त्याने जाणारा आंधळासुद्धा आमचं घर ओळखेल, असं लोक म्हणत. आणि बाबांचा कान तर पंचक्रोशीत प्रसिद्ध. भट्टीतून निघालेल्या मडक्यावर ते बोटाचं पेर मारत, क्षणभर मान कलती करत आणि म्हणत, "हे गळते." डोळ्याला काही दिसायचं नाही, पण पाणी भरून ठेवलं की सकाळी खालची माती ओली. केसाएवढी चीर त्यांना ऐकू येत असे. असा कान असलेल्या माणसाच्या घरात मी वाढले, हे लक्षात ठेवा.

मी माती खात असे. कुंभाराची सगळीच पोरं थोडीफार खातात. मी मात्र लोक फुटाणे खातात तशी खाई. नाल्याकाठची तांबडी माती, पाणी शिंपडल्यावर तिचा जो वास सुटतो त्याने माझ्या तोंडाला पाणी सुटे. त्याहून गोड म्हणजे अर्धवट भाजलेली खापरी. ती दाताखाली कुरकुरते आणि जिभेला चिकटते. फ्रॉकच्या खिशात माझ्या नेहमी दोन-तीन खापऱ्या असत. माय खिसे उलटे करून बघे आणि पाठीत धपाटा घाली. "काहून खातं व माती, अवदसे? पोटात मडके घडवतं का?" मी रडत नसे. जीभ खिशाकडेच असे.

जेवणं अशी होत, की आधी बाबा, मग मन्या, म्हणजे मनोहर, मग मी आणि माय. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, थंडीत तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी. आमची एक गाय होती, पण तिचं दूध चहापुरतं घरात राही, बाकीचं हॉटेलात जाई. अंडं महिन्यातून कधी. ते मन्याला, कारण तो लहान आणि किडकिडीत. माय स्वतः माझ्याहून कमी खात असे, हे मला मान्य आहे. पण उपाशी माणसाने दुसऱ्याला उपाशी ठेवलं म्हणजे ते माफ होतं, असं मला आजही वाटत नाही.

आवाज पहिल्यांदा आला तो एका दुपारी. मी अकरा-बारा वर्षांची असेन. नाल्यातून मातीची टोपली डोक्यावर घेऊन चढण चढले, वर येऊन टोपली उतरवली आणि बाभळीखाली टेकले, तर मागे कोणी बाई सूप घेऊन धान्य पाखडते आहे. झुस, झुस, झुस. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही, नुसतं कापसाच्या पऱ्हाटीचं वावर. डोकं वळवलं तसं सूपही माझ्याबरोबर वळलं. तेव्हा कळलं की ते माझ्या उजव्या कानात आहे. मग ते रोजचं झालं. उजव्या कुशीवर आडवी झाले की जोरात, चढण चढले की जलद, स्वस्थ बसले की हळू. थोड्या दिवसांनी मला आणखी एक गोष्ट सापडली. गळ्यात जी शीर उडते तिच्याशी या आवाजाची चाल बरोबर जुळते, आणि जबड्याच्या खाली, मानेला उजव्या बाजूने बोटाने अलगद दाबलं की आवाज टक्क थांबतो. गळक्या मडक्याच्या छिद्रावर अंगठा ठेवावा तसा. अंगठा काढला की पुन्हा झुस, झुस.

मी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"माय, माह्या कानात कोनी पाखडून राह्यलं व."

"काय पाखडून राह्यलं?"

"सूप. रोज. थांबतच नाही."

मायने तव्यावरची भाकर उलटली. "थापी हाये ते. दिवसभर बापाची थापी ऐकतं, ते कानात बसली. कुंभाराच्या घरी कान वाजन नाही त का सोनाराच्या घरी वाजन?"

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, मला वाटलं आता हे ऐकतील. त्यांनी माझ्या टाळूवर बोटाचं पेर मारलं, मान कलती केली, आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "हे मडकं कच्चं हाये. भट्टीत घाला लागते." दोघंही हसले. मीसुद्धा हसले. मग मागे जाऊन मी एक खापरी खाल्ली.

त्यांची चूक मी समजू शकते. थापीच्या घरात 'कानात आवाज येतो' ही तक्रार म्हणजे कोळ्याच्या घरात 'पाय ओले झाले' म्हणण्यासारखी. पण थापी थप वाजते आणि माझं सूप झुस म्हणत होतं. ज्या माणसाला चीर ऐकू येते त्याला एवढा फरक कळू नये?

आवाजाचा मला एक उपयोगही झाला, तो सांगितला पाहिजे. बाजारच्या दिवशी मी घाटंजीला मडकी घेऊन बसत असे. गिऱ्हाईक बायका मडक्यावर टिचकी मारून नाक मुरडत, "भद्द वाजते व पोरी," आणि माझं डोकं फिरे. मी जन्माची तापट आहे. पण राग डोक्यात चढायच्या आधी तो माझ्या कानात चढे. सूप जलद झालं की मला कळे, आता मी काहीतरी बोलून बसेन आणि ही बाई शेजारच्या ढिगाकडे जाईल. मग मी मानेला बोट लावी, आवाज थांबे, आणि मी हसून म्हणे, "भद्द वाजते त ठेवा ना काकू, चांगलं वाजनारं तुमच्या जावेनं नेलं कालच." मडकं विकलं जाई. आजही सौद्यात माझा हात मानेकडे जातो. समोरच्याला वाटतं, म्हातारी मंगळसूत्र चाचपते.

मन्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गोरा, बोलका, मायच्या पदराला बांधलेला. मी त्याला आवाजाचं सांगितलं हा माझा मूर्खपणा, पण मला कोणाला तरी सांगायचं होतं. दुपारची वेळ होती, बाबा बाजेवर पडले होते म्हणून थापी बंद. मी म्हटलं, "कान लाव इथं." त्याने आपला कान माझ्या कानाला चिकटवला आणि श्वास धरला. मग त्याचे डोळे मोठे झाले.

"ताई, येते व ऐकू! झुस झुस करते! आत कोन हाये?"

माझ्या आयुष्यात मला इतका आनंद थोड्याच वेळा झाला असेल. कोणाला तरी ऐकू आलं. मी त्याला मानेला दाबायचं मात्र सांगितलं नाही. का, ते सांगता येत नाही. कदाचित व्यापारी मी तेव्हापासूनच होते आणि सगळा माल एकदम उघडा करू नये एवढं मला कळत होतं.

आठ दिवस गेले. भट्टी लागायची होती, माती भरपूर हवी होती, आणि बाबांनी मन्यालाही टोपली दिली. तो नाल्यापर्यंत आला, रिकामी टोपली टाकून परत पळाला. मी माती घेऊन घरी पोचले तर तो ओट्यावर दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता आणि मायला सांगत होता, "माय, माह्या कानात कोनी पाखडून राह्यलं व."

शब्दसुद्धा माझेच.

मायच्या हातातला तांब्या खाली पडला. मी तो आवाज विसरलेले नाही, कारण मी हेच वाक्य बोलले तेव्हा तिने भाकर उलटली होती. तिने मन्याला कवेत घेतलं, त्याचं डोकं छातीशी धरलं आणि मग आपला कान त्याच्या कानाला लावला. डोळे मिटून बसली. बराच वेळ. मग तिच्या गालावरून पाणी आलं आणि ती म्हणाली, "येते रे बाप्पा, ऐकू येते." मी डोक्यावर टोपली घेऊन अंगणात उभी होते. माझं सूप इतकं जोरात चालू होतं, की ते तिला तिथूनसुद्धा ऐकू यायला हवं होतं.

त्या दिवसापासून गाईचं एक भांडं दूध हॉटेलात जाणं बंद झालं. मन्याला सकाळी दूध, दुपारी गूळ-शेंगदाणे, बाजारच्या दिवशी कलेजी. त्याची टोपली माझ्या टोपलीच्या वर आली. दोन खेपांच्या चार झाल्या आणि माझी शाळा चौथीत राहिली. त्याला मात्र बसून करायचं काम म्हणून शाळेत घातलं. रोज दिवेलागणीला माय त्याला मांडीवर घेऊन त्याच्या कानाला कान लावी. तो कधी डावा कान पुढे करी, कधी उजवा. "आज या कानात आला व माय." ती तोही ऐके. मी चुलीजवळून पाहत असे. दुधाचा हेवा मला होता, कलेजीचा होता, शाळेचा तर आजही आहे. पण खरा हेवा मला मायच्या त्या मिटलेल्या डोळ्यांचा होता. तिने माझ्याकडे उघड्या डोळ्यांनीसुद्धा इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, मी बोलले का नाही? बोलले. "माय, हा खोटा हाये. आवाज माह्या कानात हाये." मायने लाटणं उचललं. "भावाच्या दुखण्यावर जयते, सटवी! त्याले बरं वाटू दे आधी." मन्या दुधाच्या भांड्याआडून माझ्याकडे बघत होता. त्याच्या वरच्या ओठावर सायीची मिशी होती.

असं दीड वर्ष चाललं, मग माय त्याला घाटंजीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाजारचा दिवस होता, मडकी घेऊन मीही बरोबर. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे, दवाखाना म्हणजे बाजाराच्या कडेची एक खोली. मन्याला स्टुलावर बसवलं. मी दाराशी उभी राहिले. मनात म्हटलं, आता सापडला.

"कोणत्या कानात येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

मन्याने मायकडे पाहिलं. "दोन्हीत. म्हंजे... बदलून बदलून."

"कसा आवाज? सतत येतो की थांबून थांबून?"

"सूप... सूपासारखा."

"ते कळलं. पण चाल कशी? धावल्यावर वाढतो का? झोपल्यावर कमी होतो?"

"हो, झोपलो की कमी होते."

खोटं होतं ते. झोपल्यावर वाढतो. मला सहन होईना. आज मी तापट म्हणून ओळखली जाते, पण त्या दिवशी मला नुसता राग आला नव्हता. माझ्या मालाचं कोणी चुकीचं वर्णन करतं आहे असं झालं मला. चांगलं भाजलेलं मडकं कोणी कच्चं म्हटलं तर कुंभार गप्प बसेल का? मी दारातूनच बोलून गेले, "नाही! आडवं झालं की वाढते. उजव्या कुशीवर त लय. उजव्याच कानात हाये. गयाची शीर उडते ना, तिच्यासंगं चालते, एक उडी की एक झुस. चढन चढली की जलद. इथं दाबलं की थांबते." आणि मी माझ्या स्वतःच्या मानेला बोट लावून दाखवलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे अगदी बरोबर वर्णन आहे. तुला कसं माहीत?"

मी तोंड उघडायच्या आत माय बोलली, "एका गोधडीत निजतात साहेब दोघं. सांगत असन तो तिले. त्याले तुमच्याम्होरं बोलाले भेव लागते."

संपलं. माझ्या तोंडाने मी त्याचा खोटा आजार खरा करून दिला. त्याच्याकडे पोकळ डबा होता, त्यात माझा माल मी माझ्या हाताने भरला आणि वर झाकण लावलं. इतक्या वर्षांत हजारो सौदे केले, पण असं फुकट मी परत कोणाला काही दिलेलं नाही.

डॉक्टरांनी मन्याच्या मानेला नळी लावली, "मला तर काही ऐकू येत नाही," असं पुटपुटले, त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती चांगली लाल होती. त्यांना काही कोडं पडलं असावं. पण वर्णन इतकं चोख होतं, की त्यांनी रक्तवाढीचं औषध लिहून दिलं. पालेभाजी, गूळ, कलेजी चालू ठेवा म्हणाले. निघताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला बोलावलं नाही, लांबूनच माझ्या नखांकडे पाहिलं आणि मायला म्हणाले, "बाई, या मुलीलाही आणा एकदा."

माय म्हणाली, "आनते."

आणलं नाही.

औषध काळपट होतं आणि त्याची चव गंजलेल्या विळ्याला जीभ लावल्यासारखी. मन्याला ते घेववेना. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्याला मातीच्या ढिगामागे पकडलं, तो चमचाभर औषध ढिगावर ओतत होता. "ताई, मायले नको सांगू व." सांगून उपयोग नाही हे मला कळलेलं होतं. मी माझा पहिला खरा सौदा तिथे केला. "बाटली मले दे. रोज चमचा तू घेतं असं दाखवाचं, तोंडात धराचं, मांगं येऊन थुकाचं. बाकी बाटलीतलं मी पिते. अन् मी कोनाले काही बोलत नाही." तो लगेच तयार झाला. मला वाटलं मी जिंकले. आता कळतं, त्याने या सौद्यात आजार स्वतःकडे ठेवला आणि औषध तेवढं मला दिलं.

पण औषध गुणाचं होतं. मायने अशा तीन बाटल्या आणल्या. पहिली संपता संपता मातीच्या वासाने तोंडाला पाणी सुटणं बंद झालं. दुसरीत चढणीवर धाप लागेनाशी झाली. तिसरीच्या तळाशी एक दिवस मी बाभळीखाली बसले आणि सूप ऐकू आलं नाही. मानेला बोट लावून पाहिलं, काढून पाहिलं, तरी दोन्ही वेळी नुसतं वारं. मन्या रोज विचारत असे, "ताई, गेला का व तुह्यावाला?" त्या दिवशी मी म्हटलं, "गेला." दुसऱ्या सकाळी तो मायच्या गळ्यात पडला. "माय, माह्या कानातलं सूप थांबलं व!"

मायने गल्लीत साखर वाटली. कळंबच्या चिंतामणीला नवस बोललेला होता, तो फेडायला बाबा, माय आणि मन्या बैलगाडीने गेले. अंगणात कच्ची मडकी सुकत होती, ती शेळ्यांपासून राखायला मी घरी. येताना प्रसादाचं खोबरं आणलं. माझ्या वाट्याच्या तुकड्यावर दाताच्या खुणा होत्या. मन्याने वाटेत चावून पाहिला होता.

मध्ये सगळं आयुष्य गेलं. त्याची गोष्ट वेगळी. गेल्या उन्हाळ्यात माठांचा एक ट्रक उतरवून घेत असताना मागे कोणीतरी पाखडायला लागलं. मी वळलेसुद्धा नाही. मला माहीत होतं, मागे कोणी नसणार.

यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. मी त्यांना सरळ सांगितलं, की मला थापीबिपी सांगायची नाही. त्यांनी नळी माझ्या कानामागे लावली, मग मानेला, "आजी, श्वास धरा," म्हणाल्या, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "येतोय. मलाही ऐकू येतोय." मी त्यांच्यावरच ओरडले, "आत्ता सांगता होय!" त्या बिचाऱ्या घाबरल्या. मग पाणी देऊन त्यांनी समजावलं. कानात नुसती शिट्टी वाजते तो प्रकार वेगळा, नाडीबरोबर चालणारा हा वेगळा. हा रक्ताच्या वाहण्याचा आवाज असतो आणि त्याला बहुधा कारण सापडतं. अंगात रक्त कमी असेल तर ते पातळ आणि जोरात धावतं. रक्तदाब वाढलेला असेल, थायरॉईड बिघडलेली असेल, मानेची धमनी आतून अरुंद झाली असेल. डोक्यातून रक्त खाली आणणारी कानामागची मोठी शीर चिंचोळी असेल, डोक्यातला दाब वाढलेला असेल. क्वचित धमनी आणि शीर यांची नको तिथे सांधेजोड होते, किंवा कानाच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांची लहानशी गाठ असते. शेवटच्या दोन गोष्टी सांगताना त्यांचा आवाज खाली आला. मी विचारलं, "यातलं हलकं कोणतं?" त्या हसल्या. "रक्त कमी असणं. औषधाने जातं. माती खायची इच्छा होते त्यात, आणि ती माती पोटात गेली की उरलंसुरलं लोहही अंगी लागू देत नाही." म्हणजे त्या अंगणात मी ज्याला हपापलेली होते तेच मला पोखरत होतं.

या वेळी तपासणीत अंगात रक्त भरपूर निघालं. आता कोणी माझं दूध पीत नाही. म्हणजे कारण त्या खालच्या यादीतलं काहीतरी आहे, आणि नागपूरला जाऊन डोक्याची तपासणी करायची आहे. बाईंनी विचारलं, "लहानपणी होता म्हणता, तो याच कानात? तेव्हा कोणी ऐकला होता?" मी म्हटलं, "एकाने." आणि तशीच उठून मनोहरकडे गेले.

तो आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. शेजारी बाजेवर माय. नव्वदी ओलांडलेली, तोंडात दात नाही, पण नजर अजून शाबूत. मी म्हटलं, "मन्या, मला नागपूरला जायचं आहे. डॉक्टरला सांग, लहानपणी माझ्या कानातला आवाज तू ऐकला होतास."

त्याने चष्मा काढला. वर्गात पोरगं चुकलं की काढत असेल तसा. "ताई, तू गोंधळतेस. आवाज मला होता. आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती, तूही बरोबर होतीस. मी मुलांना नेहमी सांगतो ही गोष्ट, आईच्या सेवेने मी कसा बरा झालो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला बाजारात दहा पावलांवरून कळतो. हा तसा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. चोरलेली वस्तू इतकी वर्षं वापरली, की ती त्याच्या अंगाची झाली.

"मग सांग," मी म्हटलं, "तो थांबवायचा कसा?"

"औषधाने थांबला."

"औषध नसताना. घडीभर थांबवायचा कसा?"

मी मानेला बोट लावलं. त्याची नजर माझ्या बोटावर आली, तिथून माझ्या डोळ्यांवर, आणि मग त्याने वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली. बराच वेळ घालत होता. ती घडी काही नीट बसेना.

मी मायकडे वळले. तिच्या बाजेच्या कडेला बसून, तिच्या कानाशी, नीट हळू विचारलं, "माय, डॉक्टरनं पोरीले आन म्हनलं होतं. याद हाये?"

"काय म्हनते? मले ऐकू नाही येत व आता."

"पोरीले आन म्हनलं होतं."

"नाही येत ऐकू." आणि मग एकदम मान वर करून स्वयंपाकघराकडे, "सूनबाई! दूध उतू चाललं व! आवाज येत नाही का?"

दूध खरंच उतू चाललं होतं.

मी मायपुढे वाकले आणि माझा उजवा कान तिच्या कानापाशी नेला. चिकटवला नाही, बोटभर अंतर ठेवलं. ते अंतर तिने मिटवायचं होतं. ती समोर भिंतीकडे बघत राहिली. सूप चालू होतं. मी उठले आणि शेवटच्या एसटीने घाटंजीला आले.

मनोहरचा हिशेब मी सोडून दिला आहे. तो पोर होता, त्याला माती वाहायची नव्हती, मलाही नव्हती. पुढच्या आठवड्यात मी नागपूरला त्या यंत्रात डोकं घालणार आहे, आणि आत काय निघेल ते निघेल. त्याआधी मला एक उत्तर पाहिजे, आणि ते तुझ्याकडून पाहिजे, माय. तुला ऐकू येतं हे मला माहीत आहे. म्हणून ही पानं मी तुझ्या सुनेकडे पाठवते आहे आणि तिला सांगितलं आहे की शेवटचं मोठ्याने वाच, दूध चुलीवर नसताना. मन्याच्या कानात काहीच नव्हतं. डॉक्टरची नळी लावली तरी काही नव्हतं. तू दोन वर्षं रोज दिवेलागणीला त्याच्या कानाला कान लावलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, येते, ऐकू येते. काय येत होतं तुला ऐकू? काय ऐकून रडत होतीस? सांग.